पावडर कोटिंगच्या गेटवर वेल्डिंगचे छर्रे आणि काजळी बसली आहे, रंग न बिघडवता कशी काढू?

थिनर लावू नका. तुम्ही लिहिलंय की कोथरूडच्या बंगल्याच्या काळ्या मॅट गेटला जागेवरच कडी वेल्ड करून घेतली, भोवती काजळी बसली, खालच्या पट्टीला छर्रे चिकटले आणि फॅब्रिकेटर म्हणतो, "थिनरने पुसा, निघून जाईल." निघेल, पण सोबत रंगही येईल. भोसरीत आमचं पावडर कोटिंगचं, म्हणजे रंगाची कोरडी पूड लोखंडावर मारून ती भट्टीत शिजवण्याचं काम चालतं. भट्टीतून निघालेला माल नीट शिजलाय का, हे बघायला आम्ही असंच कडक सॉल्व्हंट चिंधीवर घेऊन घासतो आणि चिंधीला किती रंग लागतो ते पाहतो. चांगल्या शिजलेल्या कोटिंगचीही त्यात थोडी चमक मरते. मग मॅट गेटवर धब्बा उठणारच.

आधी एक गोष्ट तपासा: घाण रंगावर बसली आहे की रंगच भाजलाय? भांड्यांचा साबण कोमट पाण्यात मिसळून मऊ फडक्याने पुसा. फडकं काळं झालं आणि खालचा रंग जसाच्या तसा दिसला, तर ती काजळी. काळ्या गेटचा रंगच फडक्याला लागतोय अशी शंका आली, तर गेटच्या आतल्या न दिसणाऱ्या बाजूला तेच करून बघा. पण वेल्डच्या लगत रंग करपलेला, फुगलेला असेल किंवा नखाने टवका निघत असेल, तर ती घाण नव्हे. पावडर साधारण 180 ते 200 अंशांना शिजवतात आणि लोखंड वितळतं 1500 अंशांच्या आसपास, त्यामुळे जोडाजवळचा पट्टा जळणारच. तिथे कोणतंही क्लीनर घासून उपयोग नाही.

साबणाने न निघालेला चिकट थर असेल तर फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, लगेच पुसा, पाण्याने धुवा. आधी मागच्या बाजूला करून पाहायचंच. तारेचा ब्रश आणि तारेची घासणी लांब ठेवा: ओरखडे तर पडतातच, शिवाय लोखंडाचे कण रुतून बसतात आणि पावसाळ्यात गंजतात. मॅटवर गाडीचं रबिंग कंपाउंडही नको, घासलेली जागा चकाकते आणि ती चकाकी परत घालवता येत नाही.

छर्ऱ्यांना मात्र घाई चालत नाही. बांबूची चपटी काडी किंवा जुनं एटीएम कार्ड जवळजवळ आडवं धरून बाजूने ढकला. वरवर बसलेले टपकन सुटतात. न सुटणारे तापलेल्या अवस्थेत कोटिंग जाळून आत शिरलेले असतात. कोटिंगची जाडी जेमतेम 60-80 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यामुळे असा छर्रा काढला की खाली बहुतेक उघडं लोखंडच दिसणार. तरीही काढाच. ठेवला तर त्याच्या कडेने पाणी शिरतं आणि गंज रंगाखालून पसरत जातो. अशा ठिकाणी बारीक छन्नी हलक्या हाताने चालवा आणि टच-अप करायचंच हे गृहीत धरा.

टच-अपसाठी खड्डा आणि जळलेला पट्टा 400 नंबरच्या पॉलिश पेपरने साफ करा. पट्ट्याच्या बाजूला मास्किंग टेप लावा, म्हणजे चांगला रंग घासला जाणार नाही. धूळ पुसून झिंकयुक्त प्रायमर, तो वाळल्यावर मॅट पीयू (पॉलियुरेथेन) रंग, दोन पातळ हात. कोटिंगवाल्याकडून राल (RAL) नंबर, म्हणजे रंगछटेचा ठरलेला क्रमांक मागून घ्या. काळा म्हणजे बहुधा 9005, पण चमक किती हे जुळलं नाही तर नंबर जुळूनही ठिगळ दिसतं. पुण्यातल्या बोहरी आळीच्या बाजारात प्रायमरपासून पेपरपर्यंत सगळं मिळतं. गेट रस्त्यावर आणि तुमची नजर बारीक असेल तर सरळ तो पल्ला काढून पुन्हा कोटिंग करून घ्या, मी तरी तेच करेन.

कडी ग्राइंडरने घासली असेल तर आजच सगळा गेट पाण्याने धुवा. ग्राइंडरमधून उडालेले लोखंडाचे कण आत्ता दिसत नाहीत, पहिल्या पावसानंतर नारिंगी ठिपके होऊन वर येतात.

आणि पुन्हा वेल्डिंग करणार असाल तर त्याआधी ती जागा साफ करायला गाडीच्या ब्रेकचा क्लोरीनवाला क्लीनर मारू देऊ नका. त्याची वाफ वेल्डिंगच्या ज्वाळेपाशी आली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. पुढच्या वेळी कडी बोल्टने बसवायला सांगा. वेल्डच हवं असेल तर भोवताली ओलं गोणपाट बांधून घ्या, प्लास्टिकचा कागद नको, तो वितळून गेटला चिकटतो.