मले जिंकाचं नाही, मले फिराचं हाये

"गेमचं व्यसन लागलंय" म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांच्या दोन तऱ्हा असतात. पहिली सगळ्यांच्या ओळखीची. दहावी-बारावीतलं पोरगं, मोबाइल सुटत नाही, आई रडकुंडीला आलेली. दुसरी तऱ्हा अलीकडे वाढली आहे. तिशीतला कमावता, संसारी माणूस. त्याला गेम आवडतो, पण खेळून उठतो तेव्हा वैतागलेला असतो. तो विचारतो, "मॅडम, सोडूनच देऊ, की माझ्यासारख्याले जमेल असा दुसरा एखादा गेम असते?" यावर "सोडून द्या" म्हणणं सोपं असतं. घरच्यांना ते आवडतंही. पण या दुसऱ्या माणसाच्या बाबतीत ते उत्तर बहुतेक वेळा त्याच्या दुखण्याला लागूच होत नाही.

वरूडकडच्या एका संत्रा बागाइतदाराची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय बत्तीस. संत्र्याची बाग, थोडी तूर, थोडी पऱ्हाटी म्हणजे कपाशी. शेतीची लाइन, म्हणजे वीज, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की जेवून वावरात जायचं, मोटर सुरू करायची, एका ओळीची आळी भरली की पाणी पुढच्या ओळीला वळवायचं आणि मधला वेळ बसून काढायचा. रानडुकरांची जागलही त्यातच. या बसून काढायच्या वेळात मोबाइलवर एक ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एक पात्र घेऊन इतरांसोबत एका काल्पनिक जगात वावरायचं. मेहुण्याने सुरू करून दिलेला.

त्यांना घेऊन आल्या त्यांच्या पत्नी. त्यांची तक्रार मात्र मला अपेक्षित होती ती नव्हती. "रात्री वावरात खेळते तं खेळू द्या मॅडम, तिथं झोप तशीबी लागत नाही. पण घरी हे ताटावरून उठते. नऊ वाजले का हातातली भाकर तशीच. पोरगी काही विचारते तं 'थांब, थांब'. अन् साडेनऊले परत येते थे तोंड पाडून."

नऊ ते साडेनऊ. व्यसन असं घड्याळ लावून येत नाही. हे कोणाचं तरी बोलावणं होतं.

मी मोबाइल दाखवायला सांगितलं. गेममधल्या त्यांच्या क्लॅनचा, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या टोळीचा, चॅट ग्रुप उघडला. रोज रात्री नऊला दुसऱ्या क्लॅनशी लढाई. लढाईनंतर हजेरीची यादी, गैरहजर नावापुढे लाल खूण. त्याखाली म्होरक्याचा मेसेज, हिंदीत: दोन दिवसांपासून गायब आहात, खेळायचं नसेल तर जागा खाली करा. आणि त्याखाली यांचं उत्तर: "सॉरी सर, लाइन नव्हती." स्वतःच्या वावराचा मालक असलेला माणूस, कधी तोंडही न पाहिलेल्या कोणाला तरी "सॉरी सर" लिहीत होता. ते सर म्हणजे कॉलेजात शिकणारा एक मुलगा, हे यांना ठाऊक होतं. "मंग सर कायले म्हणता?" त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, तिथेच विचारलं. ते ओशाळून हसले.

व्यसन आहे की नाही, हे पाहणं माझं पहिलं काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी पाहतात. खेळण्यावर ताबा राहिला नाही का, बाकीच्या सगळ्या कामांच्या आधी खेळ येतो का, आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच आहे का. हे साधारण वर्षभर टिकलेलं असावं आणि त्याने घर, शिक्षण किंवा काम बऱ्यापैकी विस्कटलेलं असावं, असंही धरलेलं आहे. यांची फवारणी चुकली नव्हती, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता थकला नव्हता. फोन बिघडला तेव्हा आठवडाभर गेम बंद होता. "थो आठवडा कसा गेला?" म्हटलं, तर म्हणाले, "मस्त गेला. नऊ वाजले तरी काही वाटे नाही."

वडिलांची भीती वेगळी होती. गावात एक-दोघांनी मोबाइलवर रमी खेळून पैसे घालवले होते, त्यामुळे त्यांच्या लेखी ऑनलाइन गेम म्हणजे जुगार. त्यांना बोलावून समजावलं की पैसे लावून खेळायचे गेम वेगळे. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. मनोरंजनाच्या गेमला प्रवेशाचे किंवा सदस्यत्वाचे पैसे घेतले तरी तो त्या बंदीत येत नाही, कारण त्यात पैसा लावून पैसा जिंकायचा नसतो. बाबा अर्धे पटले. तेवढं पुरे होतं.

मग मी त्यांना विचारलं, या गेममध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं? लढाईचं काही सांगतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "एक डोंगर हाये. त्याच्यावर चढलं का खाली सगळा समुद्र दिसते. मी तिथं जाऊन उभा राह्यतो. मले जिंकाचं नाही मॅडम, मले फिराचं हाये. अन् आजूबाजूनं माणसं जाताना दिसली पाह्यजे. बजाराच्या दिवशी कसं, काही घ्याचं नसलं तरी आपण एक चक्कर मारून येतो."

इथे मला रिचर्ड बार्टल यांची मांडणी उपयोगी पडते. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी एक गेम सुरू केला, बार्टल यांनी तो पुढे वाढवला. त्यात चित्रं नव्हतीच, नुसती वाक्यं, पण अनेक जण एकाच वेळी एकाच जगात वावरत. आजच्या या सगळ्या गेमांचा तो आजा. पुढे १९९६ मध्ये बार्टल यांनी लिहिलं की अशा जगात चार तऱ्हेचे खेळाडू दिसतात. कोणाला काही मिळवायचं असतं, कोणाला जग धुंडाळायचं असतं, कोणाला माणसांशी गप्पा हव्या असतात, तर कोणाला दुसऱ्याला पाडण्यात मजा येते. ही मानसशास्त्राची चाचणी नव्हे, गेम बनवणाऱ्याचं निरीक्षण आहे. मी बोलणं सुरू करायला वापरते, तेवढ्यापुरतंच. आमचे बागाइतदार सरळसरळ दुसऱ्या तऱ्हेचे, आणि बसले होते चौथ्या तऱ्हेच्या लोकांच्या पंगतीत.

त्यामुळे प्रश्न "खेळू की नको" हा राहिला नाही, "कोणता" हा झाला. आणि ते ठरवताना गेमच्या जाहिरातीपेक्षा त्यांचं वेळापत्रक आधी पाहावं लागलं. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड, म्हणजे काढणी, ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या दिवसांत गेम उघडायलाही फुरसत नसते. मग दोन महिन्यांनी परत आल्यावर सगळे पुढे निघून गेलेले आणि आपलं सामान निकामी झालेलं, असा गेम त्यांच्या काय कामाचा? ऑनलाइन गेम थांबवून ठेवता येत नाही, आणि इकडे मोटर बंद पडली की उठावंच लागतं. म्हणजे मध्येच निघून गेलं तर कोणाचा खोळंबा होऊ नये. नेट वावरात कधी दोन काड्या, कधी शून्य. आणि न विचारता कोणी अंगावर येऊ नये. नऊची हजेरी तर नकोच.

मी काही गेमतज्ज्ञ नाही. पण या कामात पडल्यापासून भाच्यांना विचारून विचारून मला बरंच कळायला लागलं आहे.

कागदावर सगळ्यात फिट बसत होता गिल्ड वॉर्स २. हा २०१२ चा गेम. मासिक फी नाही, मूळ गेम २०१५ पासून फुकट. सगळ्यात वरची लेव्हल ८०, ती सुरुवातीपासून वाढवलेलीच नाही, त्यामुळे वर्षभराने आलात तरी तुमची चांगली तलवार चांगलीच राहते. एखाद्या राक्षसाला दहा जणांनी मिळून मारलं तर दहाही जणांना आपापलं बक्षीस, हिसकाहिसकी नाही. खेळाडूंनी एकमेकांशी लढायच्या जागा वेगळ्या. डोंगर चढून नजारा पाहिल्याची तर त्यात नोंदच होते. पण तो कॉम्प्युटरवरचा, आणि यांच्या घरचा लॅपटॉप मुलीच्या अभ्यासाचा. तो वावरात कोण नेणार?

गोष्ट आवडणाऱ्यांना मी फायनल फँटसी १४ सांगते. त्याचा फुकटचा भाग लेव्हल ७० पर्यंत जातो, नंतर आलेल्या दोन विस्तारांसकट (मूळ गेमला जोडलेल्या नव्या भागांसकट), आणि त्याला मुदत नाही. फुकट खेळणाऱ्याला त्यात क्लॅनमध्ये सामीलच होता येत नाही. कंपनीने ही अडचण म्हणून ठेवली असेल, माझ्या काही क्लायंटना ती सवलत वाटते. पण तोही मोबाइलवर चालत नाही, आणि संवाद वाचायला इंग्रजी बरं लागतं.

मेहुण्याने मध्येच अल्बिअन ऑनलाइन सुचवला. मोबाइलवर चालतो, शेतीही करता येते. वरवर पाहता छान. पण त्याच्या नकाशात लाल आणि काळे भाग आहेत, तिथे दुसऱ्या खेळाडूने मारलं तर अंगावरचं सामान जातं. ज्याला तो थरार हवा त्याने तो जरूर घ्यावा. निळ्या भागात राहून शांतपणे खेळता येतं हे खरं, पण चांगला माल पुढे असतो आणि माणूस ओढला जातो.

शेवटी ठरला ओल्ड स्कूल रूनस्केप. २००७ सालच्या रूनस्केपवरून २०१३ मध्ये परत काढलेला, २०१८ पासून मोबाइलवर. चित्रं अगदी जुनाट, पण म्हणूनच फोनवर ओझं नाही. झाडं तोडा, मासे धरा, खाणीत जा, भटका. लढाईत नसाल तर केव्हाही बाहेर पडा. 'वाइल्डरनेस' नावाचा एकच मोठा भाग धोक्याचा, आणि तिथे शिरताना एक चर ओलांडावा लागतो, गेम आधी सावध करतो. "चराच्या पल्याड जाचं नाही," एवढं त्यांनी लगेच लक्षात ठेवलं.

गेम निवडणं सोपं गेलं. क्लॅन सोडणं नाही. मन लागलं होतं असं नाही, पण "मधातच सोडून गेला" म्हणतील याची धास्ती. दोन सेशन आम्ही एका मेसेजवर घालवली. त्यांचा पहिला मसुदा पानभर होता, आईच्या दुखण्यापासून विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळल्यापर्यंत सगळी कारणं. मी म्हटलं, यातलं खरं किती? म्हणाले, डीपी खरी. शेवटी राहिलं एवढंच: "मला रोज नऊला जमत नाही. मी क्लॅन सोडतो आहे. सगळ्यांना शुभेच्छा." सॉरी काढायला लावला. सर काढायला लावला. पाठवल्यावर फोन उलटा ठेवून बसले. उत्तरात एक अंगठा आला आणि पाच मिनिटांत त्यांच्या जागी दुसरा माणूस. त्यांना वाईट वाटलं, थोडंसं, इतक्या लवकर जागा भरली म्हणून.

नव्या गेममध्ये सगळं सुरळीत झालं असं नाही. एकाने गाठून सांगितलं, तुझ्याजवळचं सोनं दे, दुप्पट करून देतो. यांनी दिलं. ही फसवणूक त्या गेममध्ये फार जुनी आहे. व्यापाऱ्याच्या काट्यावर पावशेर सोडणार नाही असा माणूस तिथे मात्र फसला, आणि राग पैशांपेक्षा त्याचाच जास्त. मी त्यांना 'आयर्नमॅन' प्रकार दाखवला. त्यात दुसऱ्याशी देवाणघेवाणच करता येत नाही, सगळं स्वतः मिळवायचं. त्यांनी नको म्हटलं. "मंग बजारात जाऊन काय करू?"

वहिनींनी एकदा विचारलं, आता हे काय करून राह्यले? फोनमध्ये डोकावल्या तर नवरा नदीकाठी उभा राहून मासे धरतोय. माळकरी घर. "घरी अंडं चालत नाही अन् तिथं हे कोळी झाले," म्हणत हसत बसल्या. नऊला ताटावर बसतात का, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. बसतात. मुलीशी भांडतातही, ते वेगळं.

याच प्रश्नाने त्रासलेल्यांना एक सांगते. गेम बदलून, क्लॅन सोडूनही जर झोप उडालेली असेल, कर्ज काढून खरेदी होत असेल, खेळ बंद पडल्यावर माणूस अंगावर धावून जात असेल, तर गेमची निवड हा विषयच नाही. तेव्हा १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

परवा त्यांचा फोन आला तो सदस्यत्वाबद्दल. रूनस्केपचा फुकटचा भाग लहान, शेती पैसेवाल्या भागात. संत्रेवाल्याला गेममध्येही शेतीच करायची आहे, यावर मी काही बोलले नाही. गेममधलं सोनं साठवून 'बॉन्ड' घेतला तर खिशातले पैसे न देताही सदस्यत्व मिळतं, हे त्यांना कळलं होतं, आणि रात्री किती झाडं तोडली म्हणजे किती सोनं याचा हिशोब त्यांनी वहीत मांडला होता. मी तो ऐकून घेतला. त्या हिशोबाने त्यांना रोज तीन तास झाडं तोडावी लागणार होती. "हे तं मजुरीच झाली की मॅडम," असं त्यांचं त्यांनाच उमगलं. वहिनी मागून ओरडल्या, "मृग बहाराची संत्री विकली का एका महिन्याचे भरून टाका, अन् पाहा आवडते का." तसं ठरलं आहे.