शंका-समाधान : मॉडेलला दोष देण्याआधी

उपग्रह, पाऊस, सौरवारा आणि मशीन लर्निंग या विषयांवर आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. बहुतेकांनी मॉडेलवर किंवा यंत्रावर संशय घेतला आहे. गडबड मात्र बहुतेक ठिकाणी त्याच्या आधीच झालेली आहे.

प्रश्न : सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमांवरून एका जंगलाच्या एनडीव्हीआयची (लाल आणि अवरक्त प्रकाशावरून काढलेल्या हिरवाईच्या निर्देशांकाची) २०१८ पासूनची मालिका काढली. २०२२ च्या सुरुवातीला ती ०.८ वरून एकदम ०.५५ च्या आसपास घसरली आणि तिथेच राहिली. जंगल तर जसंच्या तसं आहे. सेन्सर बिघडला का?

सेन्सर ठणठणीत आहे. २५ जानेवारी २०२२ पासून या प्रतिमांवर ०४.०० ही नवी प्रक्रिया-आवृत्ती लागू झाली आणि तेव्हापासून पिक्सेलच्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. पूर्वी आकड्याला १०,००० ने भागलं की परावर्तन मिळायचं. आता आधी १००० वजा करायचे, मग भागायचं.

घनदाट झाडीचा एक पिक्सेल घ्या. लाल बँडमध्ये (बी४) १४०० आणि जवळच्या अवरक्त बँडमध्ये (बी८) ५००० आहेत. वजाबाकी केली तर परावर्तन ०.०४ आणि ०.४० येतं. एनडीव्हीआय म्हणजे ०.३६ भागिले ०.४४, अर्थात ०.८२. वजाबाकी विसरलात तर ३६०० भागिले ६४००, म्हणजे ०.५६. तुमची घसरण हीच.

जुन्या स्क्रिप्टमध्ये ही चूक लपून राहते, कारण तिथे १०,००० चा भागाकार केला काय, न केला काय, फरक पडत नसे. अंश आणि छेद दोन्हींतून तो कटतो. मिळवलेले १००० मात्र फक्त अंशातून कटतात, छेदात दोन हजार होऊन बसतात. उघड्या जमिनीवर परिणाम थोडाच दिसतो (लाल ०.२०, अवरक्त ०.२७ असेल तर ०.१५ च्या जागी ०.१०), झाडीवर मोठा. त्यामुळे नकाशा पाहणाऱ्याला वाटतं की फक्त जंगलच मेलं.

दुरुस्ती करताना तारखेवर विसंबू नका. जुन्या प्रतिमांवरही नंतर नव्या आवृत्तीने पुन्हा प्रक्रिया झाली आहे, त्यामुळे २०१८ च्या प्रतिमेतही ते १००० असू शकतात. फाइलच्या नावात 'एन' अक्षरानंतर चार अंक असतात. ते ०४०० किंवा त्यापुढचे असतील तर वजाबाकी हवी. सोबतच्या मेटाडेटा फाइलमध्ये बँडवार ऑफसेट (−१०००) लिहिलेला असतो, तो वाचून वापरणं सर्वांत खात्रीचं. काही क्लाउड सेवा ही वजाबाकी करूनच डेटा देतात, 'हार्मोनाइज्ड' नावाचे संग्रह त्यातलेच. तिथे तुम्ही पुन्हा वजा केलंत तर वरच्याच पिक्सेलचा एनडीव्हीआय १.५ येईल. एकापेक्षा मोठा एनडीव्हीआय दिसला की दोनदा वजाबाकी झाली का, हे आधी पाहायचं.

वजाबाकीतही एक खड्डा आहे. मूळ आकडे चिन्हरहित १६-बिट पूर्णांक असतात. गडद पाण्यावर ९५० असेल तर ९५० वजा १००० याचं उत्तर −५० न येता ६५,४८६ येतं. म्हणून आधी दशांश प्रकारात रूपांतर, मग वजाबाकी. आणि शून्य म्हणजे 'डेटा नाही', ते पिक्सेल वजाबाकीपूर्वीच बाजूला काढा.

ढगांचा मुखवटा (ढगाळ पिक्सेल वगळणारा थर) लावत असालच, तर एवढं पाहा : वर्गीकरणाचा एससीएल थर २० मीटरचा आहे आणि बी४, बी८ हे १० मीटरचे. थर १० मीटरवर आणताना 'सर्वांत जवळचा पिक्सेल' हीच पद्धत निवडा. सरासरी घेणारी पद्धत वापरली तर वनस्पती (वर्ग ४) आणि ढग (वर्ग ८) यांच्या सीमेवर ६ तयार होतो, आणि ६ म्हणजे पाणी! ढगाच्या कडेला तळी उगवलेले नकाशे असेच बनतात. वर्ग ३, ८, ९, १० काढून टाकल्यावर मुखवटा दोन-तीन पिक्सेल फुगवा, कारण ढगाची विरळ कड हमखास सुटते.

प्रश्न : ईआरए५ (जुन्या हवामानाची मॉडेलच्या मदतीने पुन्हा मांडलेली नोंद) मधून काढलेला पाऊस इतका कमी का येतो? जुलैचा पूर्ण महिन्याचा आकडा ०.००८ मिळाला.

एकक मीटर आहे, मिलिमीटर नाही. शिवाय मासिक सरासरीच्या फाइलमध्ये तो 'दर दिवशी मीटर' असा असतो. म्हणजे रोज ८ मिमी, गुणिले ३१, झाले २४८ मिमी.

ताशी फाइल वापरत असाल तर तिथला आकडा त्या वेळेला संपणाऱ्या तासाचा असतो. ००:०० चा पाऊस आदल्या दिवसात धरायचा. सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत (यूटीसी) असतात, त्यामुळे स्थानिक दिवसाची बेरीज वेगळ्या तासापासून सुरू होते. ईआरए५-लँड हे भावंड मात्र वेगळं वागतं : तिथे ताशी आकडा दिवसाच्या सुरुवातीपासून साचत जातो आणि पुढच्या ००:०० ला पूर्ण दिवसाची बेरीज देतो. ते चोवीस आकडे पुन्हा बेरजेला घातले की पाऊस कित्येक पट होतो.

अक्षांश ९० पासून −९० कडे उतरत जातात. पायथनमध्ये १० ते २० असा तुकडा मागितला की एक्सअ‍ॅरे ही लायब्ररी निमूटपणे रिकामी फाइल देतं, तक्रार करत नाही. २० ते १० असा मागा. मोठ्या प्रदेशाची सरासरी काढताना प्रत्येक चौकटीला अक्षांशाच्या कोसाइनचं वजन द्या. ६० अंशांवरची चौकट विषुववृत्तावरच्या चौकटीच्या निम्म्याच क्षेत्रफळाची असते. आणि पर्जन्यमापकाशी तुलना करताना हे विसरू नका की पाव अंशाची चौकट विषुववृत्तावर सुमारे २८ किलोमीटरची आहे. तिथे रिमझिम जास्त दिवस दिसणार आणि मुसळधार बोथट होणार.

प्रश्न : सौरवाऱ्याच्या (सूर्याकडून वाहत येणाऱ्या भारित कणांच्या) मोजमापांवरून डीएसटी निर्देशांकाचं एक तास आधी भाकीत करणारं न्यूरल नेटवर्क बनवलं. चाचणी संचावर सहसंबंध ०.९७ आला. तरी मार्गदर्शक म्हणतात की याने काहीच सिद्ध होत नाही. का?

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. डीएसटी हा विषुववृत्ताजवळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती घट झाली, ते सांगणारा ताशी आकडा. कमी अक्षांशांवरच्या चार वेधशाळांच्या नोंदींवरून तो काढतात. तो सावकाश सरकतो. त्यामुळे 'पुढच्या तासाचं मूल्य म्हणजे आत्ताचं मूल्य' एवढं एका ओळीचं भाकीतसुद्धा ०.९ च्या वर सहसंबंध देतं. तुमच्या मॉडेलने या आळशी भाकितावर किती मात केली, तेवढंच श्रेय त्याचं.

पहिली चाचणी करायला दहा मिनिटं लागतील. भाकिताची मालिका एक तास मागे सरकवा आणि पुन्हा सहसंबंध काढा. तो वाढला, तर मॉडेल भाकीत करतच नाहीये, मागच्या तासाची नक्कल करतंय. आलेखात दोन्ही रेषा एकमेकींवर सुंदर बसलेल्या दिसतात, कारण महिनाभराच्या आलेखात एका तासाचा उशीर डोळ्याला दिसत नाही. एका चुंबकीय वादळाचे ४८ तासच काढा, दर तासाला ठिपका द्या. वादळाच्या उताराला भाकीत मागे रेंगाळताना लगेच दिसेल.

दुसरं, प्रशिक्षण आणि चाचणी यांची वाटणी. तास यादृच्छिक पद्धतीने वाटले असतील तर सकाळी ९ चा तास प्रशिक्षणात, १० चा चाचणीत आणि ११ चा पुन्हा प्रशिक्षणात गेला. मग मॉडेलला फक्त दोन ज्ञात आकड्यांमधला आकडा भरायचा असतो. सलग वर्षं वेगळी ठेवा. सूर्य पृथ्वीवरून पाहता सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो आणि एकाच किरीट-विवरातला (सूर्याच्या बाह्य वातावरणातल्या विरळ भागातला) वेगवान वारा पुन्हा येतो, म्हणून दोन गटांमध्ये किमान तेवढी मोकळी जागा सोडणं चांगलं. आकडे एका मापात आणण्यासाठीची (नॉर्मलायझेशनची) सरासरी आणि प्रमाण विचलनही फक्त प्रशिक्षणाच्या भागातूनच काढा. फक्त २४ व्या सौरचक्रावर (२००८ ते २०१९) चाचणी घेऊ नका. ते चक्र दुबळं होतं, मोठी वादळं थोडीच झाली.

तिसरं, गहाळ आकडे. ओम्नी या सौरवाऱ्याच्या मोजमापांच्या संग्रहात चुंबकीय क्षेत्राचा आकडा नसेल तिथे ९९९.९ आणि वेग नसेल तिथे ९९९९ भरलेला असतो. हे न काढता सरासरी घेतली तर मॉडेल ९९९९ किमी प्रति सेकंद वेगाचा वारा शिकतं. पण अशा ओळी सरसकट गाळणंही धोक्याचं, कारण गहाळ तास समान वाटलेले नाहीत. ऑक्टोबर २००३ च्या वादळांत ऊर्जावान प्रोटॉनांच्या माऱ्याने सौरवारा मोजणाऱ्या एस यानाच्या प्लाझ्मा उपकरणाची मोजमापं बिघडली. जे तास शिकायला सर्वांत मोलाचे, नेमके तेच गळतात. गाळलेल्या तासांत डीएसटी −१०० नॅनोटेस्लाच्या खालचे किती होते, ते मोजा.

चौथं, भौतिकी. वादळ पेटतं ते सौरवाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकतं तेव्हा, आणि हा घटक जीएसएम या (पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाला धरून दिशा ठरवणाऱ्या) निर्देशक-पद्धतीतला घ्यायचा, कक्षेच्या प्रतलाला धरणाऱ्या जीएसईतला नाही. वेग गुणिले दक्षिण घटक हे विद्युतक्षेत्र स्वतंत्र आदान म्हणून द्या : ५०० किमी प्रति सेकंद आणि १० नॅनोटेस्ला म्हणजे मीटरला ५ मिलिव्होल्ट. बर्टन, मॅकफेरन आणि रसेल यांचं १९७५ चं समीकरण यावरच उभं आहे. ०.५ मिलिव्होल्टच्या वर वलय-प्रवाहात (पृथ्वीभोवती कड्यासारख्या वाहणाऱ्या विद्युतप्रवाहात) भर पडते आणि ती साधारण ७.७ तासांच्या कालांकाने (म्हणजे तेवढ्या वेळात सुमारे ३७ टक्क्यांवर येत) ओसरते. हे समीकरण वीस ओळींच्या प्रोग्रॅममध्ये बसतं. तुमचं नेटवर्क त्याच्याशी भिडवा. आळशी भाकितावर मात करून याच्यापुढे हरणारी नेटवर्कं बरीच असतात.

शेवटी 'एक तास आधी' या दाव्याकडेच पाहा. सौरवारा मोजणारी यानं जिथे असतात तो, सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधला एल१ बिंदू पृथ्वीपासून १५ लाख किमीवर आहे. ४०० किमी प्रति सेकंद वेगाने वारा ६२ मिनिटांत पोचतो, ८०० ने ३१ मिनिटांत. म्हणजे मोठ्या वादळात पूर्वसूचना नेमकी निम्म्यावर येते. त्यात ओम्नीची मालिका पृथ्वीजवळ पोचण्याच्या वेळेनुसार आधीच सरकवलेली असते. प्रत्यक्ष वापराच्या वेळी कोणता आकडा किती वाजता हातात असेल, याचा तक्ता करून तो प्रबंधात घाला. आणि भाकितातली चूक वादळाच्या तासांसाठी वेगळी मोजून द्या. मार्च १९८९ मध्ये डीएसटी −५८९ नॅनोटेस्लापर्यंत उतरला होता. शांत दिवसांच्या हजारो तासांत मिसळलेली सरासरी चूक अशा तासाबद्दल काहीच सांगत नाही.

प्रश्न : दोन वारंवारतांच्या जीपीएस ग्राहकावरून (रिसीव्हरवरून) आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या भारित थराचा, टीईसी (संकेताच्या वाटेवरच्या इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या) काढतो आहे. रात्री उणे आकडे येतात. इलेक्ट्रॉनांची संख्या उणे कशी?

संख्या उणे नाही, उपकरणातला विलंब तुमच्या आकड्यात मिसळला आहे. उपग्रह आणि ग्राहक या दोघांतही दोन वारंवारतांचे संकेत किंचित वेगळा वेळ घेतात. एल१ आणि एल२ या जीपीएसच्या दोन वारंवारतांवर (हा एल१ वरच्या उत्तरातला बिंदू नव्हे) १ नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे २.८५ टीईसी एककं. रात्रीचा खरा टीईसी ५-१० एककं असेल, तर तीन-चार नॅनोसेकंदांत तो उणे होतो.

उपग्रहांचे फरक प्रसिद्ध होतात, ते फाइलमधून घ्या. पण चिन्ह तपासा : ते बहुधा 'पहिला वजा दुसरा' असे दिलेले असतात आणि तुमच्या सूत्रात 'दुसरा वजा पहिला' असतं. चिन्ह चुकलं की चूक जाण्याऐवजी दुप्पट होते. ग्राहकाचा फरक स्वतः काढावा लागतो. पहाटे ३ ते ५ दरम्यान सगळ्या उपग्रहांवरून उभा (थेट डोक्यावरच्या मार्गाचा) टीईसी काढा आणि फरकाच्या ज्या मूल्याला त्यांच्यातली पांगापांग सर्वांत कमी होते, ते निवडा. ३० अंशांखालचे उपग्रह यात घेऊ नका. ४५० किमीवरच्या पातळ थराचं गृहीतक धरलं तर ३० अंशांवर तिरपा मार्ग उभ्याच्या १.७ पट असतो, १० अंशांवर २.५ पटींहून जास्त, आणि तिथे हे गृहीतकच डळमळतं. अँटेनाची केबल बदलली की हा फरक नव्याने काढा.

प्रश्न : मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाचं तापमान हवामान केंद्रापेक्षा १२ अंशांनी जास्त येतं. कोणतं खरं?

दोन्ही. उपग्रह जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान देतो, केंद्र दीड-दोन मीटर उंचीवरच्या सावलीतल्या हवेचं. कोरड्या उघड्या जमिनीवर दुपारी एवढी तफावत नेहमीची आहे. आकडा ०.०२ ने गुणला का, केल्विनमधून २७३.१५ वजा केले का, आणि शून्य म्हणजे 'डेटा नाही' हे धरलं का, एवढं पाहा (१५,००० म्हणजे ३०० केल्विन, म्हणजे २६.८५ अंश सेल्सिअस). उष्ण अवरक्त किरण ढगातून येत नाहीत, त्यामुळे मासिक सरासरीत फक्त निरभ्र दिवस असतात. केंद्राचीही सरासरी त्याच दिवसांची आणि उपग्रह डोक्यावरून गेला त्याच वेळेची काढा, मगच तुलना करा. ती वेळ प्रत्येक पिक्सेलसाठी फाइलमध्येच वेगळ्या थरात दिलेली असते, आणि ती स्थानिक सौरवेळ असते, घड्याळातली नव्हे.