तुमचे प्रश्न : वाफेचा दाब, ओलं मीठ आणि लेहची डाळ

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. पुस्तकात दिलंय की पाण्याचा बाष्पदाब तापमानावर अवलंबून असतो, भांडं लहान की मोठं याने फरक पडत नाही. पण परातीत ओतलेलं पाणी तांब्यातल्या पाण्याच्या कितीतरी आधी सुकतं, हे तर घरी रोज दिसतं. मग पुस्तक चुकतंय का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : पुस्तकही बरोबर आणि तू बघतेस तेही बरोबर. घोळ एवढाच की आपण दोन वेगळ्या गोष्टी एकच धरून चालतो. पाणी किती वेळात सुकतं तो झाला वेग, आणि बाष्पदाब म्हणजे वेग नव्हे.

एक बाटली अर्धी भर, झाकण घट्ट लाव आणि ओट्यावर ठेवून दे. आत काय चाललेलं असतं, तर पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सारखे वर उडत असतात, वरच्या रिकाम्या जागेत हिंडतात, त्यातले काही परत पाण्यात येऊन पडतात, सुरुवातीला जाणारे जास्त आणि येणारे कमी, मग वर गर्दी वाढली की येणारेही वाढतात, आणि शेवटी अशी वेळ येते की जेवढे गेले तेवढेच परत आले. त्या वेळी वरची वाफ जो दाब देते तो बाष्पदाब. आता बाटलीऐवजी पसरट डबा घेतलास तर उडणारे रेणू दुप्पट होतील, पण परत पडायची जागाही दुप्पटच झाली ना? म्हणून आकडा तोच येतो. पाणी पेलाभर असो नाहीतर टाकीभर, तेच. पंखा, वारा, परात ही सगळी मंडळी वेग वाढवतात, परातीत पृष्ठभाग मोठा म्हणून, आणि पंखा-वारा वर गेलेली वाफ तिथे साचू देत नाहीत म्हणून. बाष्पदाबाला ती हात लावत नाहीत.

तापमानाचं मात्र नीट बघ. 20 अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या 17.5 मिलिमीटर इतका असतो, 30 ला 31.8, 40 ला 55.3, 60 ला जवळपास 149 आणि 100 ला 760. म्हणजे आपल्या रोजच्या हवामानात दर दहा अंशांना साधारण पावणेदोनपट! पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात, ती पकड सोडवून उडण्याएवढी ऊर्जा थोड्याच रेणूंकडे असते, आणि पाणी जरा तापलं की अशा रेणूंची संख्या भराभर वाढते. म्हणून परीक्षेत आलेख काढताना रेघ सरळ मारू नकोस, ती वर वर उभी होत जाते. सॅनिटायझर हातावर लगेच उडतं ते का, तर त्यातल्या अल्कोहोलची ही पकड सैल असते, 20 अंशाला त्याचा बाष्पदाब 44 मिलिमीटरच्या आसपास जातो. पाण्याच्या अडीचपट.

प्रश्न : आमच्याकडे जून लागला की मिठाला पाणी सुटतं. बरणीत तांदळाचे दाणे टाकून बघितले, थोडे दिवस बरं असतं, मग परत तेच. साखर मात्र त्यामानाने टिकते, आणि गूळ तर सगळ्यात आधी पाघळतो. असं का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमचं निरीक्षण इतकं नेमकं आहे की उत्तर त्यातच आलंय. वरच्या उत्तरात शुद्ध पाण्याचं झालं, आता पाण्यात काहीतरी विरघळलेलं असेल तर काय होतं ते बघू. मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात, वर उडणारे रेणू कमी होतात, म्हणजे बाष्पदाब उतरतो. जितकं जास्त विरघळलं तितका जास्त. समुद्राच्या पाण्यात हा फरक जेमतेम 2 टक्के. पण मीठ अजून विरघळतच नाही इतकं खारट पाणी केलं तर त्याचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या साधारण 75 टक्केच उरतो.

हा 75 लक्षात ठेवा, सगळी गंमत तिथेच आहे. आर्द्रता म्हणजे हवेतल्या वाफेचा दाब शुद्ध पाण्याच्या बाष्पदाबाच्या किती टक्के आहे ते. ती 75 टक्क्यांच्या खाली असेल तर मीठ कोरडं राहतं. वर गेली की हवेतल्या वाफेचा दाब खारट पाण्याच्या बाष्पदाबापेक्षा जास्त होतो, मग वाफ मिठावर येऊन बसते, मीठ तिच्यात विरघळतं, आणि हे चालूच राहतं. जुलैत कोकणात आर्द्रता 85-90 टक्के असते, मग मीठ कोरडं राहणार कसं! साखरेचा हाच आकडा 85 च्या आसपास आहे म्हणून ती जरा तग धरते, आणि गुळात ग्लुकोज, फ्रुक्टोज असतं, त्यातल्या फ्रुक्टोजचा आकडा बराच खाली, म्हणून गूळ सगळ्यात आधी. खडेमिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर 33 टक्क्यांनाच पाणी ओढायला लागतं. तांदूळ थोडी ओल शोषतात, ते भरले की संपलं. तेव्हा दाणे बदलत राहा किंवा कढईत कोरडे भाजून परत टाका, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बरणीचं झाकण घट्ट हवं, रोजच्यापुरतं मीठ वेगळं काढून ठेवा.

मी हे घरी करून बघितलंय आणि तुम्हीही बघा. दोन छोट्या वाट्या घ्यायच्या, एकीत साधं पाणी, दुसरीत ओलं मीठ, खडे जेमतेम बुडतील इतकं पाणी घालून. दोन्हींवर पेनने खूण करायची आणि मोठ्या काचेच्या बरणीत शेजारी ठेवून झाकण लावायचं. पंधरवड्यात साध्या पाण्याची पातळी खुणेखाली उतरलेली दिसते आणि मिठाची खुणेवर चढलेली. कुणी ओतलं नाही, सांडलं नाही, एका वाटीतलं पाणी हवेतून दुसरीत गेलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या बरणीपुढून हललो नव्हतो.

मिठागरातही हेच चालतं. पाणी जसजसं खारट होत जातं तसतसं ते आटायला जास्त वेळ लागतो, आणि हवा दमट झाली की आटणं जवळजवळ थांबतंच, म्हणून मीठ पिकवायचं ते पावसाच्या आत.

प्रश्न : लेहला गेलो होतो, भाड्याच्या खोलीत पातेल्यात तूरडाळ लावली. पाणी खळखळ उकळत होतं पण दीड तासाने पण डाळ शिजेना. गॅस कमी होता का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, गॅस मोठा केला असता तरी पाणी नुसतं लवकर आटलं असतं. बाष्पदाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळतं. आपल्याकडे समुद्रसपाटीला हवेचा दाब 760 मिलिमीटर, त्यासाठी 100 अंश लागतात. लेह साधारण 3,500 मीटरवर, तिथे दाब 500 च्या आसपास, आणि तेवढा बाष्पदाब पाण्याला 88 अंशालाच मिळतो. एकदा उकळी फुटली की उघड्या पातेल्यात तापमान पुढे चढत नाही, कितीही आच द्या. तुमची डाळ दीड तास 88 अंशातच बसली होती.

पुढच्या वेळी कुकर न्या. ठाण्यात शिट्टीला आल्यावर कुकरमध्ये 120 अंशांच्या आसपास असतं. लेहमध्ये बाहेरचा दाबच कमी म्हणून तोच कुकर 115 पर्यंत जाईल, तेव्हा दोनेक शिट्ट्या जास्त धरा आणि डाळ आधी तासभर भिजवा.