आधी बांधाचं बोलू, मशीनचं नंतर

सातारा जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा आयटीआय सर्वेअर, ७८ टक्के. स्वस्तातली आरटीके जीपीएसची जोडी (जमीन सेंटीमीटरपर्यंत मोजणारी दोन यंत्रं, एक जागेवर ठेवायचं ते बेस, दुसरं घेऊन फिरायचं) लाखाच्या आत मिळतेय, ती घ्यावी की कर्ज काढून मोठ्या कंपनीची घ्यावी असं विचारलंय. पोरगा म्हणतो आधी वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली राहतो, वडिलांना ते पटत नाही. आणि शेवटची ओळ अशी की, "पहिलं काम घरचंच आहे, भावाने बांध कोरलाय, तो पोरानंच मोजून दाखवावा."

दादा, मी त्या शेवटच्या ओळीवरच अडकले. तुम्ही पोराला धंदा काढून देताय की चुलत्याच्या समोर उभं करताय? विशीतला पोरगा मशीन घेऊन बांधावर जाणार, आकडा सांगणार, आणि तो आकडा तुमच्या बाजूचा आला तर चुलता म्हणणार बापाने शिकवलं, चुलत्याच्या बाजूचा आला तर तुम्ही म्हणणार एवढं शिकवून काय उपयोग. दोन्हीकडून तोच मरणार. आणि गावात सर्वेअरचं सगळं भांडवल म्हणजे लोकांचा विश्वास, तो पहिल्याच कामात घालवायचा का? मला हे अजिबात पटलेलं नाही, स्पष्टच सांगते.

आता अॅक्युरसीचं. विकणारा खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. अशा बहुतेक स्वस्त जोड्यांत यू-ब्लॉक्सची एफ९पी चिप असते आणि मोकळ्या आभाळाखाली फिक्स लागला, म्हणजे तिचं गणित पक्कं जुळलं, की ती खरंच १ सेंटीमीटर देते, वर बेसपासून दर किलोमीटरला १ मिलीमीटर धरायचा. पण हे सेंटीमीटर बेसपासूनचे आहेत. बेस बांधावर ठेवून दहा मिनिटं तसाच चालू ठेवला आणि त्याने जे सरासरी काढलं तेच खरं धरलं, तर बेसच मीटर-दोन मीटर सरकलेला असू शकतो आणि मग सगळे पॉइंट त्याच्याबरोबर एकसारखे सरकतात. आतली अंतरं बरोब्बर, नकाशावर टाकलं की शेजाऱ्याच्या रानात. ३०० फुटांचा बांध एक मीटर सरकला की जवळजवळ गुंठा जातो हो! महागड्या मशीनलाही हेच लागू आहे, तिचा अँटेना चांगला असतो आणि आंब्याच्या झाडाखाली ती जरा जास्त टिकते एवढंच. म्हणून बेस आधीच पक्क्या मोजलेल्या पॉइंटवर लावायचा, नाहीतर सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्सचं, म्हणजे कायमच्या बेस स्टेशनांच्या जाळ्याचं, करेक्शन घ्यायचं, राज्यात ७७ स्टेशनं आहेत. आणि एक दगड सकाळी मोजायचा, तोच संध्याकाळी परत मोजायचा, स्क्रीनवर फिक्सऐवजी फ्लोट, म्हणजे गणित अजून कच्चं, दिसत असेल तर आकडा लिहायचाच नाही.

पण एवढं सगळं जमलं तरी हद्द मशीन ठरवत नाही. ती जुन्या सरकारी मोजणीचं टिपण, पोटहिश्शांचा फाळणी नकाशा आणि जुन्या खुणांवरून ठरते, आणि कायद्यात चालते ती भूमी अभिलेखची मोजणी. पोराने खाजगीत काढलेल्या नकाशाने वाद मिटणार नाही, उलट पेटेल.

त्यामुळे कर्ज नको. जोडीही आत्ता नको. पोरगा वर्षभर हाताखाली राहतो म्हणतोय ना, त्याचंच बरोबर आहे, राहू द्या. प्लॉटिंग, कॅनॉल, रस्त्याची लेव्हल, टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं यंत्र), सगळं हाताखालून जाऊ दे, मग स्वस्त जोडी घ्या, तिच्यातून काम कसं काढायचं ते त्याला कळलेलं असेल. भूकरमापकाची, म्हणजे सरकारी जमीन मोजणाऱ्याची, भरती निघाली की आयटीआय सर्वेअरवर फॉर्म भरता येतो, तो भरायचाच.

आणि बांधासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका. लगतधारक, म्हणजे शेजारच्या रानाचा मालक, म्हणून भावाला नोटीस जाईल, ती हातात पडायच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन त्याला सांगा. मोजणीच्या दिवशी पोराला त्याच्या कामावर जाऊ द्या, बांधावर तुम्ही दोघं भाऊच उभे राहा.