सवलत आठ हजारांची, भोक तीन लाखांचं

प्रश्न: मी एका कापड कंपनीच्या हिशेब खात्यातून गेल्या वर्षी निवृत्त झालो. वय ६१. निवृत्तांना कंपनीच्या शोरूममध्ये २० टक्के सवलत मिळायची, ती या महिनाअखेरीस बंद होतेय. वर्षाला साधारण ४० हजारांची खरेदी असते. पुढच्या दोन वर्षांत घरात दोन लग्नं आहेत, तर दीड लाखाचं कापड आत्ताच घेऊन ठेवू का? शिवाय आमचा निवृत्तांचा गट वकील लावतोय, माणशी ५ हजार वर्गणी. द्यावी का? फंड आणि ग्रॅच्युइटीचे २७ लाख आले. त्यातले ३ लाख बँकेतल्या साहेबांनी एका गॅरंटीच्या योजनेत घातले, तिचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. कागद सोबत जोडलाय. उरलेले २४ लाख एफडीत. पेन्शन ३,१००. घरखर्च २६ हजार, मुलगा १० हजार पाठवतो. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: सप्रेम नमस्कार.

आधी तुम्ही विचारलंय ते. ४० हजारांवर २० टक्के म्हणजे वर्षाला ८ हजार. तेही पूर्ण तुमचे नव्हेत, कारण सेलच्या दिवसांत बाहेरची दुकानंही सूट देतात. खरा फरक चार-पाच हजारांचा धरा. दीड लाखाचं कापड भरू नका. पहिल्या लग्नाची यादी ठरली असेल तर तेवढं घ्या. दुसऱ्या लग्नाच्या अहेराचं कापड दोन वर्षं कपाटात ठेवण्यासाठी एफडी मोडायची नाही.

वकिलाचं म्हणाल, तर कामगारांची रूढ सवलत काढायची असेल तर मालकाने आधी २१ दिवसांची नोटीस द्यावी, अशी तरतूद औद्योगिक कायद्यात आहे. पण ती कामावर असलेल्यांसाठी. नेमणूकपत्रात किंवा युनियनच्या करारात सवलत ‘निवृत्तीनंतरही’ चालू राहील असं लिहिलेलं असेल तर वर्गणी द्या. नुसतं ‘इतकी वर्षं देत होते’ एवढंच हातात असेल, तर ५ हजार वाचवा. सवलत गेल्याचं वाईट वाटणं साहजिक आहे, पण तो मान होता, मिळकत नव्हे.

आता तो जोडलेला कागद. तुम्ही त्याला ‘योजना’ म्हणता. ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे. वर्षाला ३ लाख असे सात वर्षं, एकूण २१ लाख, आणि बाराव्या वर्षाच्या शेवटी ३० लाख. साहेबांनी समासात पेनाने ‘४३% फायदा’ लिहून दिलंय! बारा वर्षांत मिळून ४३ टक्के, हे मात्र लिहिलेलं नाही. हप्ते कधी भरायचे आणि पैसे कधी मिळायचे हे लक्षात घेतलं तर परतावा वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास बसतो. तुमची साधी एफडी साडेसहा देतेय.

परतावा कमी, एवढ्यावर भागलं असतं तर मी इतका वैतागलो नसतो. पुढचे सहा हप्ते, म्हणजे १८ लाख, कुठून येणार? त्याच २४ लाखांतून. आज एफडीचं व्याज महिन्याला १३ हजार येतं. सगळे हप्ते भरून होतील तेव्हा तुम्ही ६६-६७ वर्षांचे असाल, एफडीत ६ लाख उरतील आणि व्याज सव्वातीन हजारांवर येईल. पेन्शन धरून साडेसहा हजारांच्या आत. घरखर्च तोवर २६ हजारांवर थांबलेला नसेल. आणि ३० लाख मिळणार ७२-७३व्या वर्षी. निवृत्त माणसाला, ज्याला दरमहा पैसे हवेत, त्याच्याकडूनच सात वर्षं पैसे घेणारी वस्तू विकायला काय धाडस लागत असेल!

तेव्हा दुसरा हप्ता भरू नका. हप्ता खात्यातून आपोआप वळता होत असेल तर बँकेत लेखी अर्ज देऊन ती सूचना आजच रद्द करा. पॉलिसी परत करण्याची ३० दिवसांची मुदत कधीच संपली. मात्र ऑक्टोबर २०२४पासूनच्या नियमांनुसार एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरून पहिलं वर्ष संपलं की सरेंडर केल्यावर, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडल्यावर, काही रक्कम मिळते. माझ्या अंदाजाने ३ लाखांचे दोनेक लाख परत येतील. नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवा. लाखभर जातील. ते वाचवायला आणखी १८ लाख घालू नका.

त्याआधी, चुकीची माहिती देऊन पॉलिसी गळ्यात मारली, अशी एक तक्रार करून बघा. प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत मागवा आणि त्यात तुमचं उत्पन्न आणि व्यवसाय काय लिहिलंय ते पाहा. निवृत्त माणसाचा ‘व्यवसाय’ आणि भरघोस उत्पन्न असे फॉर्म मी पुष्कळ पाहिलेत. साहेबांचे व्हॉट्सॲप संदेश पुसू नका. आधी विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी द्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल आहेत, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रार मान्य झाली तर पूर्ण ३ लाख परत मिळू शकतात, म्हणून तिचा निकाल लागेपर्यंत सरेंडरच्या कागदावर सही करू नका.

२४ लाखांपैकी २१ लाख पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्या दर ८.२ टक्के, मुदत पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला. वर्षाला १ लाख ७२ हजार, म्हणजे महिन्याला १४ हजारांच्या वर. ३ लाख एफडीतच अडीअडचणीला राहू द्या. त्याचे सोळाशे आणि पेन्शन धरून १९ हजार होतात. मुलाच्या १० हजारांतले ७ पुरतील. एफडी मोडताना अर्धा-एक टक्का दंड पडेल, पडू द्या.

पत्रात मेडिक्लेमचं नावही नाही. कंपनीची गटविमा पॉलिसी बहुधा निवृत्तीबरोबरच संपली असेल. ती संपली नसेल तर संपण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते विचारा. संपली असेल तर दोघांसाठी नवी घ्या, आणि फॉर्ममध्ये बीपी-शुगर काहीही लपवू नका. जुन्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून उशीर नको. सरेंडरचे किंवा लोकपालांकडून सुटलेले पैसे तिच्या पहिल्या काही वर्षांच्या हप्त्यांसाठी वेगळे ठेवा.