चौदा फुटी बोर्ड आणि वीस वर्षांची पॉलिसी

मडगावहून आलेल्या पत्राचा सारांश आधी देतो. पत्रलेखक ३९ वर्षांचे असून वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत नोकरी करतात. हातात येणारा पगार ८५ हजार, गृहकर्जाचा हप्ता ३२ हजार आणि कर्जाची बाकी ३४ लाख आहे. पत्नी सध्या घरी असते आणि मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. गेल्या वर्षभरापासून ते साळ नदीच्या बेतूलकडच्या भागात भाड्याचा ११ फुटी, ३२ इंच रुंद, हवा भरायचा बोर्ड घेऊन स्टँड-अप पॅडलिंग, म्हणजे बोर्डावर उभे राहून वल्हवण्याचा खेळ, करतात. शांत पाण्यात ५ किलोमीटर अंतर कापायला त्यांना ५५ मिनिटे लागतात. आता स्पर्धेत उतरायचे असल्यामुळे साडेबारा फुटी बोर्ड घ्यावा की चौदा फुटी, असा त्यांचा प्रश्न आहे. विक्रेत्याने १४ फूट लांब आणि २३ इंच रुंद कार्बन बोर्ड वाहतुकीसह २ लाख ८० हजारांना सांगितला असून साडेबारा फुटी हवेचा बोर्ड ७५ हजारांना मिळतो. पैशांबाबत ते लिहितात: “मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेली एक पॉलिसी मोडली तर २ लाख ६० हजार येतात, म्हणजे रक्कम जवळजवळ जुळतेच.”

बोर्डाचे उत्तर मी देणार आहे, परंतु आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हे शेवटचे आहे. त्यामुळे बोर्डाचा हिशोब लवकर संपवतो.

बोर्डांचे वर्ग लांबीवर ठरतात. साडेबारा फुटी वर्गात त्याहून लांब बोर्ड चालत नाही आणि चौदा फुटी वर्गात चौदाहून लांब चालत नाही. त्यापुढचा अमर्याद वर्ग सुकाणू बसवलेल्या लांबलचक बोर्डांचा आहे आणि तो हवाई बेटांमधल्या मोलोकाई ते ओआहू या सुमारे ५१ किलोमीटरच्या शर्यतीसारख्या खुल्या समुद्रातल्या स्पर्धांत दिसतो. एके काळी महिला साडेबारा फुटी बोर्डावर आणि पुरुष चौदा फुटी बोर्डावर उतरत. आज वरच्या पातळीवर दोघांसाठीही चौदा फूट हेच सर्वमान्य माप झाले आहे. म्हणून “साडेबाराला पुढे गिऱ्हाईक मिळत नाही” हे विक्रेत्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मात्र त्याने आपल्याला वेगाचे गणित सांगितलेले नाही.

पाणी कापत जाणाऱ्या लांबट तळाच्या वेगाला एक ढोबळ मर्यादा असते आणि ती लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. या हिशोबाने ११ फुटी बोर्डाची मर्यादा ताशी सुमारे ८.२ किलोमीटर, साडेबारा फुटीची ८.८ आणि चौदा फुटीची ९.३ येते. अरुंद बोर्ड आणि कसलेला पॅडलर ही मर्यादा थोडी ओलांडतात, हे खरे आहे. परंतु आपला वेग ताशी साडेपाच किलोमीटर आहे. जो बोर्ड सध्या आपल्याकडे आहे, त्याच्याच मर्यादेपासून आपण पावणेतीन किलोमीटर दूर आहात, त्यामुळे आपल्याला अडवते आहे ती लांबी नव्हे. या वेगाला पाण्याचे घर्षण आणि पॅडल मारण्याची पद्धत यांचाच प्रभाव जास्त असतो. शिवाय ३२ इंचांवरून एकदम २३ इंचांवर गेलात, तर पहिला हंगाम तोल सावरण्यातच जाईल आणि जी ताकद पॅडलमध्ये जायला हवी ती घोट्यांत आणि पोटऱ्यांत खर्ची पडेल.

खर्चही पाहू. कार्बन बोर्ड सव्वाचार मीटरहून लांब असल्यामुळे तो फ्लॅटमध्ये राहणार नाही; आपणच लिहिल्याप्रमाणे किनाऱ्यावर ठेवण्याचे महिन्याला २,५०० रुपये पडतील. पाच वर्षांत २ लाख ८० हजार अधिक दीड लाख, त्यातून विकून आलेले लाखभर रुपये वजा केले, तर वर्षाला ६५ हजारांच्या आसपास पडतात. ऑक्टोबर ते मे हा आपला हंगाम आठवड्याला दोनदा धरला, तर साधारण ६५ फेऱ्या होतात, म्हणजे प्रत्येक फेरी हजार रुपयांना. भाड्याने हीच फेरी ६०० रुपयांना पडते. ७५ हजारांचा हवेचा बोर्ड गुंडाळून कपाटावर ठेवता येतो आणि पाच वर्षांनी त्याची किंमत शून्य धरली तरी फेरी सव्वादोनशे-अडीचशे रुपयांना पडते. साडेबारा फुटी हवेच्या बोर्डावर गंभीर शर्यत होत नाही असा समज असेल, तर तो काढून टाकावा; सर्वांना एकाच नमुन्याचा साडेबारा फुटी हवेचा बोर्ड देऊन घेतलेल्या शर्यती परदेशात झाल्या आहेत आणि तिथे जिंकणारा आपल्या पॅडलिंगवर जिंकला.

तेव्हा बोर्डाचे उत्तर असे: साडेबारा फुटी हवेचा, २८ ते ३० इंच रुंद. याच बोर्डावर ५ किलोमीटर अंतर ४० मिनिटांत सातत्याने येऊ लागले की चौदा फुटीचा विचार करावा, आधी नाही.

आता पॉलिसी. आपण लिहिलेल्या तपशिलानुसार ती २०२१ मध्ये बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने दिली. दहा वर्षे प्रत्येकी १ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी २२ लाख मिळायचे. १० लाखांचे २२ लाख, म्हणजे १२० टक्के, भागिले दहा, म्हणून वर्षाला १२ टक्के, असे त्याने आपल्याला कागदावर करून दाखवले. हे गणित बँकेच्या टेबलावर बसून करणाऱ्या माणसाला ते चुकीचे आहे हे ठाऊक असते आणि म्हणूनच मला त्याचा राग येतो. आपला एकेक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षे त्या कंपनीकडे राहतो. त्या कालावधीत पैसे २.२ पट होणे म्हणजे वर्षाला सव्वापाच टक्क्यांहूनही कमी. हेच हप्ते पीपीएफमध्ये सध्याच्या ७.१ टक्क्यांनी गेले असते, तर विसाव्या वर्षाच्या शेवटी साडेएकोणतीस लाखांच्या आसपास झाले असते.

त्याहूनही अधिक खटकणारी गोष्ट तारखेची आहे. पॉलिसी घेतली तेव्हा मुलगी पावणेपाच वर्षांची होती, आणि पैसे येतील तेव्हा ती पावणेपंचवीस वर्षांची असेल. महाविद्यालयाची फी अठराव्या वर्षी सुरू होते. ज्या कामासाठी पॉलिसी विकली गेली, ते काम संपल्यानंतर पैसे येणार आहेत, आणि हे साधे वजाबाकीचे गणित विकणाऱ्याने आपल्यासमोर मांडले नाही.

तिसरी गोष्ट आपण विचारलेलीच नाही आणि ती सर्वांत गंभीर आहे. या पॉलिसीत आपल्या जिवाचे संरक्षण १० लाखांचे आहे आणि कंपनीचा सामूहिक विमा १५ लाखांचा. उद्या आपल्याला काही झाले, तर कुटुंबाच्या हातात २५ लाख येतील आणि कर्ज ३४ लाखांचे उभे असेल. कंपनीचा विमा तर नोकरीबरोबरच संपतो. घरात एकच कमावता माणूस असताना, वर्षाला लाख रुपये विम्याच्या नावाखाली भरूनही घर उघडे राहते, ही या विक्रीची खरी किंमत आहे.

सर्वांत आधी साठाव्या वर्षापर्यंतचा किमान १ कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा निव्वळ विमा, घ्यावा. धूम्रपान न करणाऱ्या ३९ वर्षांच्या व्यक्तीला त्याचा वार्षिक हप्ता साधारण २० हजारांच्या आसपास येतो आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. कर्ज फेडून उरलेले ६६ लाख ७ टक्क्यांनी ठेवले, तर महिन्याला ३८ हजार मिळतात. महागाई धरता हे फार नाही, पण निभावण्यापुरते आहे. अर्जात जलक्रीडेविषयी विचारले असेल, तर नदीत आणि समुद्रात पॅडलिंग करतो, स्पर्धेतही उतरणार आहे, हे स्पष्ट लिहावे. लपवलेली माहिती दाव्याच्या वेळी पत्नीच्या वाट्याला येते.

टर्म पॉलिसी हातात पडेपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नये. त्यानंतरही ती मोडू नये, असे मी म्हणतो, तेव्हा आपल्याला आश्चर्य वाटेल. पहिली पाच वर्षे गेली, त्यांचे नुकसान होऊन गेले. आता प्रश्न फक्त पुढचा आहे. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केली, तर कंपनीने आपल्याला लेखी कळवल्याप्रमाणे पंधरा वर्षांनी ११ लाख मिळतील. आज मोडून मिळणाऱ्या २ लाख ६० हजारांचे पंधरा वर्षांत ११ लाख होण्यासाठी वर्षाला साडेनऊ टक्क्यांहून अधिक व्याज लागेल आणि तेवढे खात्रीचे व्याज आज कुठेही मिळत नाही. म्हणजे बोर्डासाठी ही पॉलिसी मोडणे याचा अर्थ २ लाख ८० हजारांच्या वस्तूसाठी ११ लाखांवर पाणी सोडणे.

पुढचे पाच हप्ते मात्र भरू नयेत. त्या ५ लाखांतून पंधरा वर्षांनी आणखी ११ लाख मिळतात, म्हणजे सव्वासहा टक्के. याहून चांगली जागा आपल्या घरातच आहे, पण तिचे दार सहा महिन्यांत बंद होणार आहे. सुकन्या समृद्धी खाते मुलीच्या वयाची दहा वर्षे पूर्ण होईपर्यंतच उघडता येते. सध्याचा दर ८.२ टक्के आहे आणि अठराव्या वर्षानंतर उच्च शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. तेच पाच हप्ते तिथे भरले, तर त्याच कालावधीत सध्याच्या दराने १४ लाखांच्या जवळ जातात. व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवते, तेव्हा हा आकडा वरखाली होईल. पण खाते उघडण्याची मुदत वाढणार नाही. या आठवड्यात पोस्टात जाऊन किमान रकमेने, म्हणजे २५० रुपयांनी, खाते उघडावे. मोठी रक्कम नंतर भरता येईल.

वाचलेल्या लाखातून २० हजार टर्मसाठी, ५० हजार सुकन्येसाठी आणि उरलेले ३० हजार आणीबाणीच्या निधीसाठी ठेवावेत. आपल्या बचत खात्यात दीड लाख आहेत आणि कर्जाचा हप्ता धरून सहा महिन्यांचा खर्च ४ लाखांपर्यंत जातो, म्हणून त्या दीड लाखाला बोर्डासाठी हात लावू नये.

एका अपेक्षेबद्दल स्पष्ट लिहितो. चांगला बोर्ड घेतला की दोन वर्षांत प्रायोजक मिळेल, आणि हा खेळ ऑलिंपिकमध्ये येईलच, असे आपण लिहिले आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सर्फिंग आहे, स्टँड-अप पॅडलिंग नाही. सर्फिंग आणि कनू (वल्हवायची लहान होडी) या दोन खेळांच्या आंतरराष्ट्रीय महासंघांत या खेळाच्या मालकीवरून वाद होता आणि आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने २०२० मध्ये ऑलिंपिक पातळीवरचा अधिकार सर्फिंग महासंघाला दिला. तरीही खेळ तिथे पोचलेला नाही. भारतात स्पर्धा होतात, २०२४ च्या मार्चमध्ये मंगळुरूजवळ सशिहित्लूला जागतिक मालिकेतली शर्यतही झाली, आणि आपल्याला तिथे उतरावेसे वाटते यात मला आनंदच आहे. पण चाळिशीत सुरू केलेल्या खेळातून उत्पन्न येईल, असे धरून एक रुपयाही खर्च करू नये. हा छंदाचा खर्च आहे आणि छंदाला तो मानाने द्यावा.

पॉलिसीच्या हप्त्याचे पैसे बाजूला काढूनही आपल्याकडे महिन्याला ८ हजार उरतात, असे पत्रात आहे. ते दहा महिने बाजूला ठेवले, की ७५ हजारांचा साडेबारा फुटी बोर्ड कर्ज न काढता घेता येतो. तोपर्यंत भाड्याचा चालू ठेवावा आणि बोर्ड आल्यावर वर्षाकाठी वाचणारे ४० हजारांचे भाडे थेट आणीबाणीच्या निधीत वळवावे. सहावा हप्ता तीन महिन्यांनी आहे, तेव्हा टर्मचा अर्ज आणि वैद्यकीय तपासणी त्याआधी उरकावी.