जॉर्जियातल्या ओळखीच्या कुटुंबाची घरची वाइन मुंबईत आयात करून छोटा व्यवसाय करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा त्बिलिसीला मेडिकलला आहे, त्याच्या घरमालकांची पूर्व जॉर्जियातल्या काखेतीत द्राक्षबाग आहे, साधारण हजार लिटरच्या चार क्वेव्री (वाइन करायचे मातीचे रांजण) आहेत, आणि पणजोबांपासून वाइन घरीच होते. ती मुंबईत आणून विकायची आहे. करता येईल. फक्त ती वाइन बाटलीत टिकते का आणि शुल्क भरल्यानंतरच्या किमतीला ती कोण घेणार, हे आधी बघा. घराण्याची परंपरा त्यानंतर.

हिशेबापासून सुरुवात करा. भारतात वाइनवर मूळ सीमाशुल्क ५० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर १०० टक्के, म्हणजे एकूण १५० टक्के भरावे लागतात. ऑस्ट्रेलियन वाइनला २०२२ च्या अखेरीस लागू झालेल्या करारामुळे सवलत मिळते: बाटली ५ डॉलरच्या वर असेल तर शुल्क सुरुवातीलाच १०० टक्क्यांवर, १५ डॉलरच्या वर असेल तर ७५, आणि पुढे दरवर्षी कमी. जॉर्जियाशी असा करार नाही. समजा बाटली न्हावा शेवाला भाडं आणि विमा धरून ८०० रुपयांना पोचली. शुल्क १२००, म्हणजे २००० झाले. क्लिअरिंग, गोदाम, तपासणी, राज्याची फी, घाऊकवाल्याचा आणि दुकानदाराचा नफा, व्हॅट हे सगळं अजून बाकी आहे. दुकानात ती चार हजारांच्या खाली येणं अवघड, आणि शेजारच्याच फळीवर नाशिकची चांगली बाटली हजार-दीड हजाराला उभी असते. म्हणून ही दुकानात खपणारी वाइन नाही. निवडक रेस्टॉरंटं, टेस्टिंगचे कार्यक्रम आणि क्वेव्री म्हणजे काय हे आधीच माहीत असलेलं गिऱ्हाईक, एवढीच तिची बाजारपेठ.

आता वाइनकडे. क्वेव्री हा गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, बुडाशी निमुळता, आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला मातीचा रांजण. काखेतीच्या पद्धतीत रस, सालं, बिया आणि पिकलेले देठ सगळं आत जातं. पश्चिमेकडच्या इमेरेतीत सालांचा थोडाच भाग घालतात, देठ घालत नाहीत. किण्वन चालू असताना सालांचा थर वर येतो. तो दिवसातून तीन-चार वेळा खाली दाबावा लागतो, नाहीतर वरून कोरडा पडतो आणि तिथेच व्हिनेगरचे जंतू धरतात. किण्वन शांत झालं की रांजण काठोकाठ भरून, झाकण ओल्या मातीने लिंपून पाच-सहा महिने तसाच ठेवतात. जमिनीखाली तापमान १३ ते १५ अंशांच्या आसपास राहतं, थंडावा फुकट मिळतो. ही पद्धत २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. सोव्हिएत काळात सरकारी कारखान्यांनी थोड्याच जातींचं ढीगभर उत्पादन केलं, तेव्हा ती टिकली घराघरांतल्या मारानीमुळे, म्हणजे तळघरांमुळे.

घरातल्या वाइनला एक सोय असते: ती वसंतात उघडतात आणि शेजारीपाजारी, लग्नकार्यात वर्षभरात संपते. तुमच्या बाटलीला समुद्र ओलांडून मुंबईच्या मे महिन्यात उभं राहायचंय. त्यामुळे चव घेऊन ‘वा’ म्हणण्याआधी प्रत्येक रांजणाचा लॅब रिपोर्ट मागा. उरलेली साखर लिटरला २ ग्रॅमच्या आत हवी. मॅलिक आम्ल लिटरला ०.३ ग्रॅमच्या आत, म्हणजे दुसरं किण्वन (मॅलिकचं सौम्य लॅक्टिक आम्ल होणं) पूर्ण झालेलं. व्होलाटाइल आम्लता, म्हणजे व्हिनेगरकडे झुकणारी आंबट बाजू, बघा: युरोपीय संघाची मर्यादा पांढऱ्या वाइनला लिटरला १.०८ आणि लालला १.२ ग्रॅम आहे, पण खरेदी करताना मी ०.८ च्या वर हात लावणार नाही, कारण ती वाढतेच, घटत नाही. पीएच ३.७ च्या वर असेल तर सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवायला घालतात तो सल्फर डायऑक्साइड, नीट काम करत नाही. बाटलीत भरताना मुक्त सल्फर डायऑक्साइड लिटरला २५ ते ३० मिलिग्रॅम असू द्या. ‘आमच्यात काहीच घालत नाहीत’ हे ऐकायला छान वाटतं. इथे मात्र उष्ण कटिबंधातलं हवामान आणि गोदामातले सहा-आठ महिने आहेत.

साखर उरलेली असेल तर बाटलीत पुन्हा किण्वन सुरू होतं, वायू धरतो, बूच वर सरकतं. किंद्झमराउली, ख्वांचकारा अशा निमगोड वाइन ०.४५ मायक्रॉनच्या निर्जंतुक फिल्टरमधून गेल्या नसतील तर आणूच नका. कोरड्या र्काचितेलीला (पांढरी द्राक्षं) किंवा सापेरावीला (काळी द्राक्षं) १ ते ३ मायक्रॉनचं साधं गाळण पुरतं. तळाशी थोडा गाळ राहिला तर मागच्या लेबलवर तसं छापून घ्या, नाहीतर रेस्टॉरंट बाटल्या परत पाठवेल.

चार रांजणांची चव चार प्रकारची असेल. भरण्याआधी स्टीलच्या टाकीत एकत्र करून एकच लॉट करा, म्हणजे लॅब रिपोर्ट आणि बाटली जुळतील. सालासकट भरलेल्या हजार लिटरच्या रांजणातून वाइन सुटते साधारण ६५० लिटर. चारांतून २६०० लिटर, म्हणजे ३४००-३५०० बाटल्या.

घरच्या मारानीतून थेट निर्यात होत नाही. ते कुटुंब नोंदणीकृत उत्पादक असायला हवं आणि लॉटला जॉर्जियाच्या राष्ट्रीय वाइन एजन्सीचं प्रमाणपत्र लागतं. एका पॅलेटवर साधारण ६०० बाटल्या बसतात, तेव्हा २० फुटी कंटेनर तुमच्या मालाने जेमतेम अर्धा भरेल. बाकीच्या जागेत त्याच गावातल्या आणखी एखाद्या कुटुंबाची वाइन आणणं परवडतं. इतरांच्या मालासोबत अर्धवट कंटेनर पाठवला तर भाडं वाचतं, पण तापमानावर तुमचा ताबा राहत नाही. जॉर्जियातल्या पोती बंदरातून न्हावा शेवापर्यंत मध्ये जहाज बदलतं आणि कंटेनर धक्क्यावर उन्हात पडून राहतो. रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर घ्या, १४ अंशांवर. नसेलच तर थर्मल लायनर घाला आणि माल नोव्हेंबर ते जानेवारीत उतरेल असं बघा. एका खोक्यात तापमान नोंदणारं यंत्र ठेवा. विम्याच्या दाव्यात तोच पुरावा. तापलेली बाटली ओळखू येते: बूच किंचित वर, कॅप्सूलखाली (बुचावरच्या वेष्टणाखाली) चिकट, वास शिजवलेल्या मुरंब्याचा. आणि लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा (लाकडावर कीड मारण्याची प्रक्रिया झाल्याचा) शिक्का आहे का ते फोटोत बघूनच माल सोडायला सांगा. शिक्का नसला तर वाइन उत्तम असूनही कंटेनर क्वारंटाइनमध्ये अडकतो.

इकडे आयात-निर्यात कोड आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, केंद्रीय परवाना लागतो. एफएसएसएआयचे अधिकारी नमुने काढतात ते प्रत्येक लेबलमागे, आणि लॅबची फीही लेबलमागे. राज्यातली नोंदणीही लेबलमागेच. म्हणून हौसेने आठ प्रकार आणू नका. र्काचितेली, सापेरावी आणि फार तर एक तिसरी पुरे. आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि लोगो हे स्टिकरने बंधित गोदामात, म्हणजे शुल्क भरेपर्यंत माल कस्टमच्या देखरेखीखाली राहतो तिथे, लावता येतं. अल्कोहोलचं प्रमाण, लॉट क्रमांक, मूळ देश, सल्फाइटचा उल्लेख आणि ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक’ या अर्थाचा ठरावीक इंग्रजी इशारा मात्र तिकडेच छापून घ्या. लेबलचा मसुदा छापण्याआधी कस्टम एजंटला दाखवा. छापून झाल्यावर चूक सापडली की वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

शुल्क एकदम भरू नका. माल बंधित गोदामात उतरवा आणि विक्री होईल तसा थोडा थोडा सोडवा; जेवढा सोडवाल तेवढ्याचंच शुल्क. मुदत एक वर्षाची, पण ९० दिवसांनंतर शुल्कावर वर्षाला १५ टक्के व्याज चढतं. गोदाम वातानुकूलित आहे का हे स्वतः जाऊन बघा. कागदावर बहुतेक सगळीच असतात.

महाराष्ट्रात घाऊक विक्रीला एफएल-१ परवाना लागतो, त्याच्याशिवाय तुम्ही दुकानाला किंवा परमिट रूमला माल देऊ शकत नाही. पहिल्या वर्षी स्वतः परवान्याच्या मागे लागू नका. आयात वाइन हाताळणाऱ्या एखाद्या परवानाधारकाशी करार करा आणि विक्री तुम्ही बघा. गोव्यात किंवा बंगळुरूला विकायचं तर तिथली नोंदणी आणि फी पुन्हा वेगळी.

पैसे: कुटुंबाला ३० ते ४० टक्के आगाऊ द्या, बाकी लॅब रिपोर्ट आणि जहाजाची कागदपत्रं हातात आल्यावर. ट्रेडमार्क भारतात त्यांच्या नावावर नोंदवा आणि महाराष्ट्रापुरता तीन वर्षांचा विक्रीचा हक्क लेखी तुमच्याकडे घ्या. मुलगा सुट्टीत येईल तेव्हा दोन लिटरपर्यंत बाटल्या सामानातून शुल्काशिवाय आणता येतात. त्या दोन-तीन रेस्टॉरंटांच्या मालकांना पाजा, १४-१६ अंशांवर, फ्रिजमधून थेट काढून नाही, कारण थंडीत सालांचा तुरटपणा अंगावर येतो. त्यांच्यापैकी एकानेही किंमत ऐकून खोकं मागितलं नाही, तर कंटेनर बुक करू नका.